त्यांच्या रक्तातच आहे

सात वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये आमच्या बागेतल्या शेडमधून एका रात्रीत सोळा क्रेट हापूस गेले. वाशीला पाठवायचा माल, निवडून भरून ठेवलेला. बागेत राखणीला नेपाळी कुटुंब होतं. नवरा, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. रत्नागिरी-देवगड पट्ट्यातल्या बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. फवारणी, माकडं हाकणं, रात्रीची राखण, तोडणी, आज आमच्या कलमांचं निम्मं काम नेपाळी गड्यांच्या हातावर चालतं.

सकाळी धाकटे दीर आले. म्हणाले, "वहिनी, दुसरं कोण असणार? या लोकांच्या रक्तातच असतं. आधी त्याची ट्रंक उघडायला लावा."

आम्ही ट्रंक उघडायला लावली. खोलीत उजेड नव्हता म्हणून टॉर्च मी धरला. त्याच्या बायकोने एकेक वस्तू बाहेर काढून चादरीवर मांडली. मुलीचा शाळेचा गणवेश, प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं तिसरीचं पुस्तक, लग्नातली लाल साडी, स्वेटर, औषधाच्या चिठ्ठ्या, घरी पैसे पाठवल्याच्या पावत्या रबर लावून. काहीच सापडलं नाही तेव्हा तिने त्याच क्रमाने सगळं पुन्हा घडी घालून आत ठेवलं. साडी तिने दोनदा घडी घातली, पहिली नीट बसली नाही म्हणून. सोळा क्रेट आंबे पत्र्याच्या ट्रंकेत मावत नाहीत, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. विकलेल्या मालाचे पैसे सापडतील असं मनात होतं, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे मनात काहीच नव्हतं. संशय ज्याच्यावर, त्याची ट्रंक उघडायची, एवढंच.

पाचव्या दिवशी उलगडा झाला. माल आमच्याच भावकीतल्या एका मुलाने टेम्पोत घालून हायवेवर विकला होता. त्यानंतर वाडीत जे बोललं गेलं ते मी लक्ष देऊन ऐकलं. पोरगा हातचा गेला. बाप लवकर गेला ना, धाक कोणाचा? मोबाईलवरच्या जुगारात अडकला असेल. संगत वाईट. सगळी वाक्यं एकवचनी. चोरी त्याची, कारणंही त्याची, त्याच्या एकट्याच्या आयुष्यातली. आमच्या भावकीच्या रक्तात चोरी आहे असं कोणी म्हणालं नाही, आणि कोणी म्हणालं असतं तर दिरांनी त्याला अंगणात उभं केलं नसतं.

तेव्हापासून मला वाटत आलं आहे की वंशद्वेष ओळखायचा असेल तर माणसाच्या मनात डोकावत बसू नये, त्याच्या वाक्यातलं वचन पाहावं. आपल्यातला कोणी चुकला की 'तो', परका चुकला की 'ते लोक'. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हण आपण सहज वापरतो, पण त्या म्हणीतलं कार्टं निदान एकटं आहे. त्या एकट्या कार्ट्यावरून त्याचं अख्खं गाव, त्याचा देश, त्याचं नाक आणि त्याचं रक्त जोखायला लागतो, तिथे आपपरभाव संपतो आणि वंशद्वेष सुरू होतो. उलट बाजूही तपासावी. आपल्या माणसाने चांगलं केलं तर 'आमची माणसं अशीच', परक्याने चांगलं केलं तर 'हा एक अपवाद'. तो नेपाळी गडी निर्दोष ठरल्यावर दिरांनी त्याचं कौतुकच केलं. म्हणाले, "हा त्यांच्यातला नाही वाटत." म्हणजे बाकीच्यांवरचा आरोप कायमच राहिला.

या विषयावर बोलायला गेलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: वंशद्वेष गोऱ्यांचा, आमच्याकडे फार तर जातीभेद, आणि तोही आता राहिला नाही. यातला दुसरा भाग खोटा आहे हे लिहिण्यात मी जागा घालवत नाही. पहिल्या भागाबद्दल बोलायला हवं, कारण तो चांगली शिकलेली माणसंही मनापासून मानतात.

आपली भाषाच इथे घोटाळा करते. 'वर्ण' म्हणजे रंग आणि 'वर्ण' म्हणजे चातुर्वर्ण्यातला वर्ण. दक्षिण आफ्रिकेतल्या राजवटीला आपण 'वर्णभेदी' म्हणतो आणि तोच शब्द घरी वापरायची वेळ आली की तो परदेशी ठरवतो. 'वंश' म्हणजे घराणं, वंशाचा दिवा, वंशावळ. मुलाच्या बारशाला जो शब्द मंगल, तोच शेजाऱ्याच्या बाबतीत शस्त्र होतो. आणि 'जात' तर आपण कशालाही लावतो. आंब्याची जात, बैलाची जात, माणसाची जात. शेतकऱ्याच्या तोंडी तो शब्द कलमाला लावला की त्यात एक नक्की गोष्ट असते: हापूसच्या फांदीवर पायरी धरत नाही. हीच खात्री आपण नकळत माणसावर नेऊन ठेवतो, की फळ काय येणार ते फांदीवरूनच ठरलं.

ही खात्री मोजून सिद्ध करण्याचा प्रयत्न आपल्या देशात झालेला आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी माणसांची नाकं मोजली. नाकाची रुंदी आणि उंची यांचं गुणोत्तर काढायचं, आणि नाक जितकं रुंद तितकी जात खालची असा नियम मांडायचा. आपल्या प्रदेशातल्या ब्राह्मणांपासून कुणब्यांपर्यंत सगळ्यांना त्यांनी 'सिथो-द्रविड', म्हणजे मध्य आशियातले सिथियन आणि द्रविड यांचं मिश्रण, या एका गठ्ठ्यात टाकलं. आज हे वाचताना आपण सुटल्यासारखं हसतो, पण 'नाकीडोळी नीटस' हे आपण मुलीबद्दल म्हणतो तेव्हा नेमकं कोणतं नाक नीट धरलेलं असतं, हेही एकदा स्वतःला विचारावं.

रिस्लींचं हे मोजमाप तपासून बघणाऱ्यांत एक माणूस आमच्या किनाऱ्यावरचा होता. समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये, जन्म १८९३, मालवण. जात आणि वंश यांवरचं त्यांचं पुस्तक १९३२ मध्ये आलं. त्यांनी तेच आकडे पुन्हा मांडून दाखवलं की उत्तरेतला हिंदुस्थान सोडला तर बाकी देशात जातीची पायरी आणि शरीराची ठेवण यांचा रिस्ली म्हणतात तसा मेळ बसत नाही. पुढे १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेताना घुर्ये यांचीच कोष्टकं हाताशी घेतली आणि विचारलं, या मोजमापाला काही अर्थ असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, मग वंशाचा सिद्धांत उरतो कुठे? त्याआधी १९३६ मध्येच त्यांनी सांगून ठेवलं होतं की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे आहेत आणि मद्रासचा ब्राह्मण व तिथला अस्पृश्य मानला गेलेला परिया हेही एकाच. एक मालवणचा, दुसऱ्याचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. रक्ताच्या गप्पांना खोटं पाडणारे दोन मोठे अभ्यासक कोकणाने दिले, आणि अजूनही आमच्या ओट्यावर "रक्तातच असतं" हे वाक्य निःशंक बोललं जातं. याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या जुन्या म्हणींनाही ही गोष्ट ठाऊक होती. काळ्या ब्राह्मणाचा आणि गोऱ्या शूद्राचा भरवसा धरू नये, अशी एक म्हण आहे. ती ऐकायला किळसवाणी आहे, पण तिच्यात एक कबुली दडलेली आहे: काळे ब्राह्मण आणि गोरे शूद्र गावात इतके होते की त्यांच्यासाठी वेगळी म्हण करावी लागली. रंग आणि जात जुळत नव्हते हे डोळ्यांनी दिसत होतं. तरी जुळायला हवेत हा हट्ट सुटला नाही, म्हणून न जुळणारी माणसंच लबाड ठरवली. वंशद्वेष असाच चालतो. पुरावा विरुद्ध गेला की समजूत मागे हटत नाही, पुराव्यालाच गुन्हेगार करते.

तुम्ही म्हणाल, माणसामाणसांत फरक दिसतात, ते दिसू नयेत का? दिसावेत. फरक दिसणं हा गुन्हा नाही आणि मला या बाबतीत दुसऱ्या टोकाचीही तक्रार आहे. अमक्या गावच्या लोकांचं जेवण तिखट, तमक्यांचं बोलणं तुसडं, असं म्हटलं की लगेच वंशद्वेषाचा शिक्का मारणारी माणसं हल्ली भेटतात. त्याने शब्दाची धार जाते. आम्ही कोकणी माणसं घाटावरच्यांना 'घाटी' म्हणतो, ते आम्हाला चिकट आणि भांडकुदळ म्हणतात. लग्नाच्या पंगतीत हे दोन्ही बाजूंनी चालतं. त्यात शहाणपण नाही, पण दोघांच्या हातात सारखंच माप आहे. घाटावरून आलेला शिक्षक दहा वर्षांत आमचा गाववाला होतो, त्याच्या मुलीला कोणी घाटी म्हणत नाही. हाच शब्द मुंबईत सगळ्या मराठी माणसांना उद्देशून, खोली नाकारताना किंवा मोलकरणीच्या डब्याची भांडी वेगळी ठेवताना वापरला जातो, तेव्हा तो वेगळा शब्द होतो. अक्षरं तीच. त्यामागे आता किल्ली कोणाच्या हातात आहे ते पाहावं लागतं.

म्हणून मी तीन गोष्टी बघते. एकाच्या कृत्याचं उत्तर सगळ्यांकडून मागितलं जातं का? तो शिक्का माणसाला कधी पुसता येतो का, की चेहऱ्याबरोबर मुलाबाळांपर्यंत जातो? आणि तो शिक्का मारणाऱ्याच्या हातात घर, पाणी, पगार, लग्न यांतलं काही आहे का? तिन्हींना 'हो' आलं की त्याला मी वंशद्वेष म्हणते. मग समोरचा नेपाळी असो, बिहारी असो की आपल्याच गावच्या पलीकडच्या वाडीतला. महाडच्या चवदार तळ्याला २० मार्च १९२७ रोजी हात लागल्यावर ते तळं शेण-गोमूत्राने शुद्ध करून घेतलं गेलं. हात लावणारे त्याच मातीतले, तीच भाषा बोलणारे, नाकाच्या कोणत्याही पट्टीवर वेगळे न निघणारे. मानवशास्त्राच्या लेखी तो वंशभेद नसेल, पण त्या तळ्याकाठी उभ्या असलेल्या माणसाला यात काय फरक पडतो, हे मला कोणी अजून पटवून दिलेलं नाही.

आपल्या सरकारनेही हा प्रश्न दोन्ही बाजूंनी लढवलेला आहे. वंशभेदाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९६५ सालचा. त्याच्या व्याख्येत वंश आणि रंगाबरोबर 'कुळ' म्हणजे जन्माने आलेली परंपरा हाही आधार आहे, आणि तो शब्द मसुद्यात घालण्याची सूचना भारताचीच होती. २००१ मध्ये डर्बनला वंशभेदावरची जागतिक परिषद भरली तेव्हा मात्र जात हा विषय तिथे येऊ नये म्हणून भारतच अडून बसला. जात म्हणजे वंश नव्हे, हा युक्तिवाद शास्त्र म्हणून बरोबर आहे. आंबेडकरांनी तोच केला होता. फरक इतकाच की त्यांनी तो जातीचा आधार काढून घ्यायला केला, आणि आपण तो जबाबदारी टाळायला केला.

नजर कशी घडते ते बघायचं तर आमच्या किनाऱ्याइतकी चांगली जागा नाही. मुरूडच्या जंजिऱ्यावर आफ्रिकी वंशाच्या सिद्दींची सत्ता सतराव्या शतकापासून १९४८ पर्यंत होती. तिथल्या रयतेसाठी काळा चेहरा आणि कुरळे केस म्हणजे सरकार, सारा वसूल करणारा, ज्याच्यापुढे मान खाली घालायची तो. मलिक अंबरही हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि १६२६ मध्ये वारला तेव्हा निजामशाहीचा आधारस्तंभ. त्याच मुळाचे सिद्दी खाली उत्तर कन्नडच्या जंगलात मजुरी करून राहिले, त्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीत घ्यावं लागलं. चेहरा एकच. एका ठिकाणी त्याचा अर्थ नवाब, दुसऱ्या ठिकाणी वेठबिगार, आणि आज पुण्या-मुंबईत शिकायला आलेल्या आफ्रिकी मुलाला खोली दाखवताना घरमालकाच्या मनात तिसराच. कातडीतच तो अर्थ असता तर तो असा जागेजागी बदलला नसता.

आणि बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, अशी त्यांची कथा. (चित्पावनांचीही कथा समुद्रातून वाहून आलेल्यांचीच आहे. आमच्या किनाऱ्यावर बरेच जण बुडूनच आले असावेत असं म्हणायला हवं, आणि तरी मूळचे कोण यावर भांडण संपत नाही.) ते तेलाचे घाणे चालवत, शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. रोहेकर, पेणकर, दिवेकर, केहिमकर, आडनावं आमच्यासारखीच, घरची भाषा मराठी. गावाने त्यांना एक जात म्हणून सामावून घेतलं, त्यांच्यावर हल्ले केले नाहीत, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे.

पण ही गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. त्यांच्यात स्वतःमध्ये 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग होते. मिश्र संबंधातून झालेल्यांना काळे म्हणायचं, त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही. आजूबाजूला जे शिकायला मिळालं ते त्यांनी घरात आणलं. मग हीच माणसं इस्रायलला गेली, आणि १९६० च्या दशकात तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांआधी पूर्वजांची चौकशी सुरू केली. हे खरे ज्यू आहेत का, यांच्या रक्तात भेसळ तर नाही? इथल्या गोऱ्यांनाही तिथे तोच प्रश्न विचारला गेला. त्यांनी धरणं धरलं, निदर्शनं केली, आणि १९६४ मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. ज्यांनी घरी काळ्यांना पंगतीबाहेर ठेवलं, तेच दुसरीकडे रक्ताचा दाखला द्यायला उभे राहिले. सोसलेल्या माणसाला शहाणपण आपोआप येतं यावर माझा विश्वास त्यांच्यामुळे उडाला. आमच्या कोकण्यांचंही तेच. मुंबईत गिरणीच्या चाळीत 'घाटी' ऐकून आलेली माणसं गावी येऊन नेपाळ्याला 'अरे बहादूर' म्हणून हाक मारतात.

ते 'बहादूर' मला आता सोसवत नाही. आमच्या गड्याचं नाव तसं नव्हतंच. मला ते नाव त्याच्या मुलीच्या शाळाप्रवेशाचा अर्ज भरताना कळलं, तेव्हा तो आमच्याकडे येऊन तीन हंगाम झाले होते. नाव इथे लिहीत नाही, त्याला विचारलेलं नाही. तो पश्चिम नेपाळचा आहे. त्याचं नाक लांब, डोळे मोठे. गढवालच्या माणसांत उभा केला तर वेगळा ओळखू येणार नाही. तरी वाडीतल्या कोणालाही विचारा, ते सांगतील, चपट्या नाकाचा. 'नेपाळी' हा शब्द आधी दिसतो, चेहरा नंतर. नेपाळातही आपल्यासारख्याच जाती आहेत, बाहुन, क्षेत्री, कामी, दमाई, सार्की, आणि पलीकडच्या बागेतल्या एका कामी (म्हणजे तिथल्या लोहारकाम करणाऱ्या, अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या) कुटुंबाला इतर नेपाळी आपल्या चुलीपाशी बसू देत नाहीत, हे त्याच्या बायकोने मला एकदा हळूच सांगितलं. आमच्या लेखी मात्र 'ते सगळे एकच'.

कोणी विज्ञानाचा आधार घेऊन म्हणेल, जनुकांत फरक असतातच. असतात. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये हिशोब मांडला की माणसामाणसांतल्या अशा फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहाच्या आतले असतात. उरलेल्या थोड्या फरकांतून एखाद्याचे पूर्वज कुठले हे सांगता येतं, काही आजारांची शक्यता सांगता येते. आंब्याचे क्रेट कोण नेईल हे सांगता येत नाही.

मी त्या कुटुंबाची माफी मागितली. लगेच नाही, पुढच्या हंगामात. आधी शब्द सापडत नव्हते आणि दिरांचं मन मोडायचं नव्हतं. तो म्हणाला, "ठीक आहे बाई, तुमचं नुकसान झालं होतं." त्याच्या बायकोने काही म्हटलं नाही. मुलगी आता दहावीत आहे, इथल्याच शाळेत, आणि तिचं मराठी माझ्या नातवंडांपेक्षा स्वच्छ आहे.

दर वर्षी जूनमध्ये, पाऊस लागायच्या आत, तो सुट्टीला गावी जायला निघतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो ट्रंक ओट्यावर आणतो आणि कोणी न सांगता उघडतो. पहिल्या वर्षी मी म्हटलं, अरे, हे काय, राहू दे. त्याने मान हलवली आणि झाकण पूर्ण मागे टाकलं. दुसऱ्या वर्षी मी आत निघून गेले, तर तो मी बाहेर येईपर्यंत थांबला. गेल्या वर्षी मुलीने त्याला अडवलं, "बाबा, नको ना." त्याने तिला बाजूला केलं नाही, रागावला नाही, फक्त ती सरकेपर्यंत वाट पाहिली.

यंदाही उघडली. वरच लाल साडी होती.